सहा ब्लॉक, एक लुगडं

एकाहत्तरची दिवाळी आटोपली आणि मी नगरहून कोपरगावकडे निघाले. लग्न वैशाखातच झालं होतं, पण आमच्या ह्यांना साखर कारखान्याच्या वसाहतीत जागा मिळेपर्यंत मी माहेरीच होते. हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, अजून कायम न झालेले. जागा मिळाली ती नव्या तीन मजली इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हातभर रुंदीची गॅलरी. सगळे त्याला ब्लॉक म्हणत. प्रत्येक मजल्यावर दोन, असे सहा ब्लॉक.

दुसऱ्याच दिवशी मी दोन बादल्या कपडे धुतले. ह्यांचे पांढरे शर्ट, लेंगे, चादरी, माहेरून आणलेले नवे अभ्रे. सगळं निळीतून काढून गॅलरीतल्या तारेवर घातलं. शेजारच्या ब्लॉकची गॅलरी आमच्या गॅलरीला लागूनच होती. तिथं एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कपड्यांकडं पाहिलं, मग समोर कारखान्याच्या धुराड्याकडं पाहिलं.

"नवीन हाय व्हय तुमी?"

"हो, कालच आले."

"तरीच," असं म्हणून त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

दुपारी कपडे काढायला गेले तर प्रत्येक कपड्यावर काळे ठिपके. कारखान्याच्या बॉयलरात उसाचं चिपाड जळतं आणि त्याची काजळी वाऱ्याबरोबर सगळ्या वसाहतीवर उतरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एक ठिपका बोटानं पुसायला गेले तर त्याची बोटभर लांब काळी रेघ झाली. दुसरा पुसला, दुसरी रेघ. तिसरा पुसायच्या आत मला रडू फुटलं.

शेजारच्या बाई तिथंच होत्या.

"तुम्ही सकाळीच सांगायचं ना," मी म्हटलं.

"सांगून पटत न्हाई. मला बी पटलं नव्हतं. सासूनं सांगितलं हुतं, तरी घातलं बाहेर." मग म्हणाल्या, "रडू नका. फुंकर मारायची, हात लावायचा न्हाई. आन् उद्यापासून घरात घालायचं. दिवाळीपासनं उन्हाळ्यापतूर ह्या कॉलनीत कुनाचा बी कपडा उन्हात जात न्हाई."

त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असतील. गोदाकाठच्या एका गावातल्या शेतकरी घरातल्या. नवरा कारखान्यात फिटर. मी त्यांना ताई म्हणायला लागले. त्यांनी मला त्यांच्या घरात नेलं. बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार दोऱ्या, त्यावर लुगडी, चड्ड्या, टॉवेल, आणि खालून वाकून वाकून चाललेली त्यांची तीन मुलं. त्या घरात सगळीच माणसं कायम मुजरा करत चालल्यासारखी दिसत.

त्याच संध्याकाळी मी वरवंट्यानं आठ खिळे ठोकले. दोन खिळ्यांच्या वेळी गिलाव्याचे ढलपे पडले, ते मी केरात लोटले. हे पाळीवरून आले आणि दारातच ओल्या टॉवेलमध्ये त्यांचं तोंड गेलं. टॉवेल बाजूला करून त्यांनी आधी खिळे मोजले.

"अगं, भिंतीला खिळे मारायचे नाहीत. परिपत्रक आहे. नव्या भिंती आहेत. आणि माझं अजून कायम व्हायचंय."

"मग शर्ट कुठं वाळवू? परिपत्रकावर?"

ह्यांनी टॉवेल पुन्हा दोरीवर सारखा केला. रात्रपाळी असली की ह्यांना दिवसा झोपावं लागे, आणि दिवसाच तर कपडे निथळत. एकदा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे डोक्याशी छत्री उघडून तिच्याखाली गाढ झोपलेले. छत्रीवर लेंग्याचं पाणी टपटपत होतं.

परिपत्रक पाळलं जातं की नाही हे बघायला एक हवालदार होते. पलटणीतून निवृत्त झालेले, पारनेर तालुक्यातले. मिशा पिळलेल्या, खाकी कपडे कडक इस्त्रीचे, काखेत रजिस्टर. वसाहतीतल्या इमारतींची देखरेख त्यांच्याकडं. दर पंधरवड्याला फेरी. गुडघे दुखत म्हणून ते आधी एका दमात वरच्या मजल्यावर चढत आणि मग एकेक ब्लॉक बघत खाली उतरत. म्हणजे पहिलं घर आमचंच. खिळा सापडला तर पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी नाव वरच्या ऑफिसात.

आमच्या नव्या इमारतीची पहिली फेरी मार्गशीर्ष संपता संपता आली, आणि तिची बातमी ताईंना आदल्या दिवशी लागली. खिळे काढावेत तर पुन्हा ठोकताना आणखी ढलपे पडणार. मग मला सुचलं की देवाच्या तसबिरीच्या खिळ्याला कोण नाही म्हणेल? कॅलेंडरांवरचे देव कापून, पुठ्ठ्यावर डकवून, मी आठही खिळ्यांवर आठ देव टांगले. दोऱ्या सोडून माळ्यावर टाकल्या.

हवालदार आले. पहिल्या देवाला त्यांनी हात जोडले. दुसऱ्याला जोडले. चौथ्यापाशी त्यांचे हात अर्ध्यातच थांबले. त्यांनी या भिंतीकडं पाहिलं, त्या भिंतीकडं पाहिलं.

"बाई, ह्यो गणपती त्या मारुतीच्या बराबर समोर हाय."

"हो का?"

"आन् ही लक्ष्मी त्या शंकराच्या. एका रेषेत. एक बोट हिकडं न्हाई का तिकडं न्हाई." ते माझ्याकडं वळले. "हे बोलत्यात काय एकमेकांशी?"

मी म्हटलं, "आमच्याकडं तशीच पद्धत आहे."

"पद्धत चांगली हाय. पर देव सैपाकघरात फळीवर ठेवा आन् खिळे काढा. ही ताकीद समजा. पुढल्या फेरीला दिसलं तर साहेबांचं नाव वर जाईल."

खिळे काढले. चार दिवस कपडे खुर्च्यांवर, खिडकीच्या गजांवर आणि ह्यांच्या सायकलवर वाळवले. सायकलच्या वंगणाचा डाग एका शर्टावर पडला तेव्हा मी पुन्हा वरवंटा हातात घेतला.

पौषात संगमनेरहून सासूबाई आल्या. त्यांचं सोवळं फार कडक. रोज आंघोळीच्या वेळी एक सुती नऊवारी लुगडं धुवायचं, काठीनं दोरीवर घालायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच नेसून स्वयंपाक आणि पूजा. तोवर त्याला कुणी शिवायचं नाही. यात कुणालाही सूट नव्हती. मला नव्हती आणि त्यांच्या लाडक्या लेकालाही नव्हती. हे दारातून आत येताना भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखे चालत. लुगडं काळसर तांबड्या रंगाचं, पदराजवळ एक टीचभर रफू. दाराच्या समोरच आडव्या दोरीवर ते पसरलं की मागची खोली नाहीशीच होई.

त्या असतानाच हवालदारांची दुसरी फेरी आली, आणि या वेळी ताईंना बातमी लागली नाही. दार वाजलं. मी उघडलं. हवालदारांनी एक पाय आत टाकला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "थांबा. सोवळं आहे ते. शिवायचं नाही."

हवालदारांनी पाय मागं घेतला.

"आई, मला फक्त भिंत बघायचीय."

"मग बघा की. लांबून बघा."

"लांबून लुगडंच दिसतंय."

"लुगडं आडवं असलं की लुगडंच दिसणार."

"जरा बाजूला घेता का?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "बाजूला घ्यायचं तर शिवावं लागेल. शिवलं की पुन्हा धुवावं लागेल. मग उद्या मी काय नेसू? बाहेर घालू म्हटलं तर तुमच्या धुराड्यानं तीही सोय ठेवलेली नाही."

हवालदार बराच वेळ त्या लुगड्याकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं उच्चारत लिहिलं, "सोवळे असल्यामुळे भिंत पाहता आली नाही." आणि ते समोर ताईंच्या दाराकडं वळले. ताईंना त्या दिवशी ताकीद मिळाली. मी मात्र स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी होते.

सासूबाई संक्रांत करून परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "हे लुगडं राहू दे इथंच. पुढच्या वेळी आले की लागेल."

ते लागायला पुढची वेळ यायची गरज पडली नाही.

"ताई, पुढच्या फेरीला हे दारासमोर घालू," मी म्हटलं. "माझं बघून झालं की गॅलरीतून तुमच्याकडं देते. ते समोर येईपर्यंत तुमच्या दोरीवर."

"आमच्यात सोवळं कुठलं? त्याला ठावं हाय."

"नवस बोलले म्हणायचं."

"कशाचा?"

"ते तुम्ही ठरवा."

ताई हसल्या. आमच्या त्या इमारतीत त्यांच्याइतकं मनापासून हसणारं कुणी नव्हतं.

फेरीच्या दिवशी मी लुगडं ओलं करून दारासमोर पसरलं. हवालदारांनी विचारलं, "आई आल्यात?" मी मान अशी हलवली की तिचा अर्थ काहीही होईल. त्यांनी लिहून घेतलं. मी त्यांना पाणी दिलं, ते जिन्याच्या कठड्याशी टेकून सावकाश प्यायले, आणि तेवढ्यात लुगडं काठीवरून शेजारच्या गॅलरीत पोचलं. मी दाराच्या फटीतून ऐकत होते.

"तुमच्यात बी सोवळं?"

"नवस हाय."

"कुठल्या देवाचा?"

ताईंनी याची तयारी केलेली नव्हती. मग त्या म्हणाल्या, "बोलायचं नसतंय. बोललं की फिटत न्हाई."

हवालदारांनी तेही लिहून घेतलं.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खालच्या मजल्यावरच्या बायका काही कमी नव्हत्या. ओल्या कपड्यांचा त्रास त्यांनाही तेवढाच. त्यानंतरच्या फेरीला ताईंच्या गॅलरीतून लुगड्याला दोरी बांधून ते मधल्या मजल्यावर सोडलं. एकीनं एकादशीचं कारण सांगितलं, दुसरीनं सांगितलं की माहेरची आत्या आली आहे, सोवळं तिचं आहे आणि ती झोपली आहे. सगळं सुरळीत चाललं होतं. तळमजल्यावरच्या एक मास्तरीणबाई आणि त्यांचे यजमानही पार पडले.

शेवटचा ब्लॉक दोन अविवाहित कारकुनांचा. त्यांनी आदल्या दिवशी ताईंकडे येऊन हट्टच धरला होता की लुगडं आम्हालाही मिळालं पाहिजे, भिंत काय फक्त संसारी माणसांचीच असते का. ताईंनी कबूल केलं. तिथं काय झालं ते त्या कारकुनांनीच मागाहून सांगितलं. हवालदार दारात उभे राहिले. समोर तेच काळसर तांबडं नऊवारी, निथळतंय.

"तुमच्या घरात बाई कुठाय?"

"आजीचं आहे," एक कारकून म्हणाला.

"आजी कुठाय?"

"वारली."

"मग सोवळं कोण पाळतंय?"

दुसरा कारकून म्हणाला, "आठवण म्हणून आम्हीच."

हवालदारांनी मान पुढं करून पदराकडं पाहिलं. रफू पाहिला. मग लिहून घेतलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "आजी लई फिरती हुती वाटतं." एवढंच बोलून ते निघून गेले.

त्याच आठवड्यात हे जेवताना हसायला लागले. "आपली इमारत फार धार्मिक आहे म्हणे. ऑफिसात सगळे तिला सोवळ्याची इमारत म्हणतात. सहाच्या सहा ब्लॉकांत सोवळं. त्या ब्रह्मचाऱ्यांकडंसुद्धा."

मी आमटी वाढत होते. मी सांगून टाकलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

"लुगडं आईचं आहे?"

"हो."

"अगं, माझं कायम व्हायचंय," हे म्हणाले, आणि न जेवताच उठतील असं मला वाटलं. पण हे बसले, जेवले, आणि शेवटी ताक पिताना विचारलं, "मास्तरीणबाईंनी काय कारण सांगितलं?"

फेब्रुवारी संपत आला होता. पुढच्या फेरीला आम्ही शहाण्या असतो तर गप्प बसलो असतो. पण रफू दिसू नये म्हणून पदर उलटा करायचा असं ठरवून आम्ही पुन्हा तेच केलं. हवालदार आले, माझ्या दारात उभे राहिले, काही न विचारता लिहिलं, ताईंच्या दारात तसंच केलं, आणि जिना उतरायला लागले. ताईंनी लुगडं खाली सोडलं. मी माझ्या गॅलरीतून वाकून बघत होते.

जिना उतरणारे हवालदार मधल्या मजल्यावर थांबलेच नाहीत. ते सरळ खाली गेले आणि इमारतीला वळसा घालून मागच्या अंगणात येऊन उभे राहिले. बरोबर गॅलऱ्यांच्या खाली. हात मागं बांधलेले, मान वर. मधल्या मजल्यावरची बाई लुगड्याचं टोक धरायला वाकली आणि तिला खाली खाकी टोपी दिसली. तिच्या हातून टोक सुटलं. ताईंनीही घाबरून दोरी सोडली. नऊ वार ओलं लुगडं हवालदारांच्या अंगावर पडलं.

क्षणभर अंगणात फक्त एक लुगडं उभं होतं. मग त्यातून एक हात बाहेर आला, मग दुसरा, मग मिशा. मी गॅलरीत खाली बसले, कठड्याआड. शेजारून ताईंच्या हसण्याचा आवाज येत होता, तोंडावर हात दाबून हसल्यासारखा. मला हसू येत नव्हतं. मला ह्यांचा चेहरा दिसत होता.

थोड्या वेळानं दार वाजलं. दुखऱ्या गुडघ्यांनी हवालदार दुसऱ्यांदा दोन जिने चढून आले होते. खांदे भिजलेले. हातात लुगडं, पिळून, पलटणीत कांबळ्याची घालतात तशी चौकोनी घडी घातलेलं.

"तुमचं हाय. मी शिवलो. आता धुवावं लागंल."

मी ते घेतलं. त्यांना आत या म्हटलं. ते आले, आणि त्या देवांच्या फेरीनंतर पहिल्यांदाच त्यांना आमच्या भिंती दिसल्या. आठ खिळे, चार दोऱ्या, त्यावर ह्यांचे शर्ट. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही. खुर्चीवर बसून टोपी गुडघ्यावर ठेवली.

"वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी काल बोलावलं हुतं," ते म्हणाले. "रजिस्टर उघडून मोठ्यानं वाचलं, समद्यांसमोर. सहा ब्लॉक, सहा सोवळी. म्हनले, हवालदार, ही इमारत कारखान्याची हाय का देवळाची? समदी हसली. सोळा वरसं पलटनीत काढली बाई, खोटा रिपोर्ट कदी दिला न्हाई. ह्यो बी खोटा नव्हता. मला जे दिसलं तेच लिवलं. पर खरं लिवून बी मानूस हसण्यावारी जातंय."

त्यांच्या मिशीवरून पाण्याचा एक थेंब ओघळत होता आणि तो पुसावा की नाही असं ते अवघडून बसले होते. इतके दिवस मला ते फक्त काखेत रजिस्टर धरलेल्या मिशा वाटले होते. मी त्यांना टॉवेल दिला. मग पहिल्या दिवशी मी बोटानं पुसायला गेले होते तो अभ्रा आणून दाखवला. चार वेळा उकळूनही त्यावरची रेघ गेली नव्हती.

"हे मला काय दाखवता," ते म्हणाले. "माझं बी धोतर घरातच वाळतंय."

"कशावर?"

ते जरा अडखळले. "खिळ्यावर न्हाई. खाट उभी करतो."

"आमच्याकडं एवढ्या खाटा नाहीत."

मग टोपी घालून उठले. "पुढल्या येळंपासनं यायच्या आधी खालून शिट्टी मारीन. शिट्टी झाली की मला वर यायला येळ लागतोय, गुडघे हायेत. मी आलो तवा भिंतीत खिळा दिसला न्हाई पायजे. खरंच दिसला न्हाई पायजे. मंग मी तसं लिवीन."

पुढच्या फेरीला खालून शिट्टी झाली आणि सहाही ब्लॉकांत एकच धांदल उडाली. खिळे उपसले, दोऱ्या गुंडाळल्या, ओले कपडे बादल्यांत कोंबले. भोकांत ताईंच्या मुलांच्या पाटीवरच्या खडूचे तुकडे बसवले. हवालदार आले, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि लिहिलं, "खिळे नाहीत." मग बादल्यांना वळसा घालून बाहेर पडले. ह्यांचं नाव वरच्या ऑफिसात गेलं नाही. पुढच्या हंगामात हे कायम झाले.

पाडव्याला सासूबाई पुन्हा आल्या. त्यांना काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण ताईंच्या पोटात ती गोष्ट मावेना. माझ्यादेखत त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. कारकुनांच्या आजीसकट. मी जमिनीकडं बघत बसले. आता लुगड्यावरून काय ऐकावं लागतं याची वाट बघत.

सासूबाईंनी विचारलं, "हवालदारांच्या अंगावर पडलं?"

"हो."

"ओलं?"

"ओलंच."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. "त्यांना चहा दिलास का?"

"नाही."

"भिजलेल्या माणसाला नुसता टॉवेल देऊन पाठवलंस? उद्या बोलाव त्यांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा, जेवण आटोपल्यावर हवालदार आले. शिट्टी न मारता, कारण फेरी नव्हती. सासूबाईंनी स्वतः चहा केला आणि दोघं गुडघ्यांबद्दल बोलत बसले. कुठलं तेल, कुठला लेप, जिना चढताना आधी कुठला पाय टाकायचा. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्यांच्या समोरच्या भिंतीत दोन खिळे तसेच राहिलेत आणि एकावर ह्यांचा बनियन आहे. हवालदारांनाही ते त्याच वेळी दिसलं असावं. त्यांनी कपबशी खाली ठेवली, उठून खुर्ची फिरवली आणि त्या भिंतीकडं पाठ करून बसले.

"हं, तर एरंडेल म्हणत हुता तुमी," ते सासूबाईंना म्हणाले.